गाडी जमिनीला चिकटली पाहिजे

३० मार्च, रविवार. पाडवा.

नवीन वर्षाचा पहिला दिवस. यंदा संकल्प एकच. हवा.

गेल्या रविवारी रेसच्या ट्रॅकवर आपापली गाडी पळवायचा ट्रॅक डे होता, त्यात मी शेवटून दुसरा आलो. शेवटच्याचा क्लच जळाला होता आणि तो कँटीनमध्ये मिसळ खात होता. आठवडाभर शांत डोक्याने विचार केला. इंजिन ठीक. टायर ठीक. ड्रायव्हरचा तर प्रश्नच नाही. मग उरलं काय? हवा. मोठ्या वळणावर माझी सेडान हलकी पडते, हवा तिला खालून उचलते. कमी आहे ती डाउनफोर्सची. डाउनफोर्स म्हणजे हवेनेच गाडीला वरून दाबून धरायचं. वेग जितका जास्त, तितकी गाडी जमिनीला घट्ट चिकटणार. मी चिकटत नाही, म्हणून मागे पडतो. इतकं सोपं आहे.

परवेझ माझ्या सहा सेकंद पुढे होता. परवेझ आमच्याच कंपनीत मेंटेनन्सला, मी क्वालिटीला. सुप्यात शेजारच्या गल्लीतच राहतो. त्याची जुनी हॅचबॅक, मागे त्याच्या छोट्या इन्शाची बेबी सीट तशीच बांधलेली, आणि वर एसी चालू. एसी! सोमवारी चहाला भेटला तेव्हा या विषयावर एक शब्द बोलला नाही. ते जास्त लागलं.

पुढचा ट्रॅक डे १८ मे. तोवर पुढे स्प्लिटर, मागे डिकीवर हवा दाबणारी विंग, आणि गाडीचं वजन कमी. १८ मेला परवेझ मला आरशात दिसला पाहिजे.

जेवताना स्नेहलला सांगितलं. ती म्हणाली, काय लावायचं ते लावा, पण त्याच संध्याकाळी ओमचं लग्न आहे आणि गाडी नवरदेवाची आहे. ओम म्हणजे माझा मेहुणा, कर्जतचा. सुपारी फुटली तेव्हा हिनं सगळ्या भावकीसमोर शब्द दिलाय की नवरदेव आमच्याच गाडीतून मांडवात येणार आणि मुहूर्ताला येणार. 'मुहूर्ताला' यावर जोर. कारण आमच्या लग्नात माझी जीप मारुतीच्या देवळासमोरच बंद पडली आणि अक्षता अंधारात पडल्या. बारा वर्षं झाली, हिचे आबासाहेब मामा अजून प्रत्येक कार्यात तो किस्सा सांगतात आणि ही मान खाली घालून वाढत राहते. जीप मित्राची होती, हे कोणी लक्षातच घेत नाही.

ट्रॅक सकाळी, लग्न संध्याकाळी. अडचण शून्य.

पुरणपोळ्या पाच. सणाच्या मोजत नाहीत.

५ एप्रिल, शनिवार.

वजन कमी करण्याची मोहीम. मागचं सीट काढलं. स्टेपनी काढली. जॅक, पाना, सगळं काढून जिन्याखाली टाकलं. गाडी आतून रिकाम्या खोलीसारखी घुमते. एकदम प्रोफेशनल.

परवेझ बघायला आला. म्हणाला, सगळ्यात जड पार्ट तर स्टिअरिंगमागं बसतोय, तो दहा किलो उतरव, खर्च पण नाही. विनोद म्हणून ठीक आहे. एअरोडायनॅमिक्स त्याचा विषय नाही.

तरी उद्यापासून पहाटे चालायला जाणार. परवेझ म्हणाला म्हणून नाही.

६ एप्रिल, रविवार. रामनवमी.

चालायला गेलो नाही. सुंठवडा खाल्ला. सुंठ पचनाला चांगली.

१२ एप्रिल, शनिवार.

विंगचं काम कानिफनाथला दिलं. एमआयडीसीच्या रस्त्यावर त्याचं वर्कशॉप आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि गेट बनवतो. मोबाईलवर त्याला परदेशी गाड्यांचे फोटो दाखवले. बराच वेळ बघून त्यानं विचारलं, किती टनाला करायची? मी म्हणालो, टन नको, हलकी पाहिजे, हवेसाठी आहे. तो म्हणाला, हलकं काम आपल्या हातानं व्हत न्हाई, पर अशी करून देतो की वर उसाच्या मोळ्या टाकल्या तरी वाकायची न्हाई.

त्याचा आत्मविश्वास आवडला. माझ्यासारखाच माणूस आहे.

१९ एप्रिल, शनिवार.

विंग मिळाली. कानिफनाथनं आणि मी दोघांनी मिळून उचलली. कंपनीच्या काट्यावर बावीस किलो भरली. लोखंडी अँगलची फ्रेम, वर जाड पत्रा, काळा ऑइलपेंट. सवयीनं त्यानं दोन्ही टोकांना लाल रिफ्लेक्टर लावलेत आणि खाली ओढायचा हूक वेल्ड केलाय. ट्रॉलीला लागतो म्हणाला. पेंटरनंही सवयीनं मागच्या बाजूला पिवळ्या अक्षरात 'सुरक्षित अंतर ठेवा' असं लिहून टाकलंय. आधी चिडलो. मग लक्षात आलं, १८ मेला हे परवेझला वाचायचंय. राहू दे.

सीट आणि स्टेपनी काढून जेवढं वजन वाचवलं होतं त्यातलं बरंचसं विंगनं परत आणलं, असं कोणी म्हणेल. पण हे वजन बरोबर मागच्या चाकांवर पडतं. म्हणजे वेग नसतानाही डाउनफोर्स. उभ्या गाडीला डाउनफोर्स! हे परदेशात अजून कोणाला सुचलेलं दिसत नाही.

गल्लीतली पोरं म्हणतात गाडीला पंख फुटले. लक्ष देत नाही.

२२ एप्रिल, मंगळवार.

संध्याकाळी स्प्लिटर बसवला. पुढच्या बंपरखाली आडवी फळी, हवा गाडीच्या पोटात शिरू नये म्हणून. स्नेहलनं किचनच्या कपाटासाठी आणून ठेवलेला प्लाय घेतला. कपाट काय, दिवाळीतही होईल. जमिनीपासून तीन बोटं उंची. अगदी पुस्तकात असते तशी.

गाडी बाहेर काढली. गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक आहे, तो ग्रामस्थांनी श्रमदानातून केलेला आहे आणि श्रमदानात कोणी हात आखडता घेतला नव्हता. स्प्लिटर त्यावर टेकला. गाडी तिरकी घालून पाहिली. उलटी घालून पाहिली. शेवटी दोन विटा ठेवून पार झालो. पलीकडे जाऊन परत यायला अर्धा तास लागला.

रस्ते सुधारले पाहिजेत. या देशात मोटरस्पोर्ट का वाढत नाही, याचं उत्तर आज मिळालं.

स्नेहलनं प्लाय कुठे गेला विचारलं. कंपनीतून फोन आल्यासारखं केलं.

२७ एप्रिल, रविवार.

आज शास्त्रीय चाचणी. गाडीवर सगळीकडे दोऱ्याचे तुकडे चिकटवायचे, गाडी चालवायची आणि दोरे कुठे कसे फडफडतात त्यावरून हवेचा प्रवाह ओळखायचा. मोठमोठ्या टीम असंच करतात. स्नेहलची लाल लोकर घेतली. सगळी संपली.

परवेझ मोटरसायकलवरून मागून व्हिडिओ काढणार होता. आधी पेट्रोल भरायला थांबलो. पंपावरच्या माणसानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि हळूच विचारलं, कंच्या देवाचं हाय? सांगेपर्यंत त्यानं हात जोडले होते. रसवंतीवर थांबलो तर एक म्हातारी आली, बॉनेटला हात लावून तो कपाळाला लावला, आणि माझ्या पोराला बी गुण येऊ दे म्हणाली. मी नाही म्हणू शकलो नाही. नवसाची गाडी म्हणून हायवेला बातमी पसरली असावी, कारण परत येताना लोक रस्ता देत होते. हे मात्र ट्रॅकवर उपयोगी पडेल.

निष्कर्ष: बॉनेटवरचे दोरे नीट फडफडले. विंगवरचे अजिबात हलले नाहीत. याचा अर्थ विंगवरून हवा अत्यंत शांतपणे जाते.

रात्री दोरे काढताना कळलं की विंगचा ऑइलपेंट अजून वाळलेला नाही. दोरे पेंटमध्ये रुतले होते. तरी निष्कर्ष बदलायची गरज वाटत नाही.

३० एप्रिल, बुधवार. अक्षय तृतीया.

आमरस. वाट्या मोजल्या नाहीत. संध्याकाळी घरच्या काट्यावर उभा राहिलो. पाडव्यापासून चार किलो वाढ दाखवतो. अशक्य. काट्याला काहीतरी झालंय. कंपनीतून आणलेलं 'कॅलिब्रेशन बाकी' असं स्टिकर त्यावर चिकटवलं. आता त्याचं रीडिंग ग्राह्य धरायचं नाही. क्वालिटीचा नियम आहे, माझ्या मनाचा नाही.

४ मे, रविवार.

आबासाहेब मामा कर्जतहून पत्रिका घेऊन आले. गाडी बघायची म्हणाले. गाडीभोवती फिरले, विंगवर दोनदा थाप मारली आणि विचारलं, यावर किती मानसं बसत्यात? मी सांगितलं, माणसं नाही बसत, हवा बसते. मग आत डोकावून म्हणाले, मागं सीट न्हाई, मंग करवली कुठं बसायची? मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, म्हंजी वारं बसनार अन् करवली हुभी ऱ्हानार.

स्नेहल हसली नाही. म्हणून मी मामांना डाउनफोर्स नीट समजावून सांगितला. म्हणालो, ही गाडी आता जमिनीला अशी चिकटते की दहा माणसांनी जोर लावला तरी उचलायची नाही. मामा म्हणाले, उचलायची कशाला पाव्हणं, चालली म्हंजी झालं. मागं जीप बी चाललीच न्हवती.

मामा गेल्यावर स्नेहल म्हणाली, माझी एवढी एकच गोष्ट आहे. शब्द दिलाय मी. बाकी तुमचं काय चाललंय ते मी विचारत नाही.

मग मीही शब्द दिला. १७ तारखेला सीट, स्टेपनी, जॅक सगळं जिथल्या तिथे. इथे लिहून ठेवतोय म्हणजे झालंच.

११ मे, रविवार.

वेगात चाचणी घ्यायला नगरपर्यंत गेलो. जाताना पुढे उसाचा ट्रॅक्टर, येताना पुढे दुधाचा टँकर. विंग काम करायला लागते तो वेग आलाच नाही. नगरला वडापाव खाल्ले. परत आलो.

१७ मे, शनिवार.

स्नेहल सकाळीच एसटीनं कर्जतला गेली, हळदीसाठी. निघताना फक्त एवढं म्हणाली, सीट.

संध्याकाळी सीट लावायला घेतलं. नटबोल्ट सापडेनात. सापडले तेव्हा अंधार पडला होता आणि उद्या सकाळी ट्रॅक. उद्याच्या धावेसाठी मागचं वजन नकोच, असं शांतपणे ठरवलं. सतरंजी आणि दोन लोड टाकून दिले. करवलीला उलट बैठकीचा मान. स्टेपनीत हवा नव्हती, ती राहिली. जॅक जिन्याखाली अगदी मागे गेलाय आणि पुढे गव्हाची पिंपं आहेत. लग्नाच्या दिवशी कोणाचं टायर पंक्चर होत नसतं. राहू दे.

१८ मे, रविवार. सकाळी, ट्रॅकच्या कँटीनमधून.

मार्चपेक्षा चार सेकंद मागे.

कारणं शोधतोय. एक, वारा उलटा होता. दोन, ट्रॅकवर ऊन. तीन, आणि हेच खरं असावं, डाउनफोर्स अपेक्षेपेक्षा फारच जास्त झाला. गाडी जमिनीला इतकी चिकटली की पुढे जायला तयार नव्हती. म्हणजे डिझाइन यशस्वी आहे, फक्त थोडं जास्त यशस्वी आहे.

परवेझ आता दहा सेकंद पुढे. 'सुरक्षित अंतर ठेवा' त्यानं एकदाच वाचलं, ओव्हरटेक करताना.

तो म्हणतोय निघ आता, कर्जत लांब आहे. पण विंगचा कोन थोडा बदलून शेवटचं सेशन करून बघतो. एकच.

१८ मे. दुपारी, श्रीगोंद्याच्या अलीकडे, रसवंती.

शेवटच्या सेशनमुळे निघायला दोन वाजले. विंगचा कोन बदलायचा नट गंजला होता.

प्रत्येक गावात शिरताना एक गतिरोधक, निघताना एक. प्रत्येक गतिरोधकावर विटा. विटांसोबत गावातले चारजण. मागं सीट का नाही, हे सगळ्यांना समजावून सांगावं लागतं. आतापर्यंतचा वेग ट्रॅक्टरच्या आसपास.

स्नेहलचा फोन आला. कुठं आहात एवढंच विचारलं. मी म्हणालो पोचलोच. मागे रसाच्या घाण्याच्या घुंगरांचा आवाज येत होता. तो तिला ऐकू गेला. फोन ठेवला. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

तिची बारा वर्षांची मान खाली जायचीय की वर, ते या फळीवर आहे.

१९ मे, सोमवार. कर्जत.

नीट लिहितो. लिहावंच लागेल.

पोचलो तेव्हा ओम मुंडावळ्या बांधून मारुतीच्या देवळासमोर उभा. दर्शन झालेलं, बँड तयार, घोडा नाही कारण गाडी येणार होती. बायकांनी भराभर विंगला झेंडूच्या माळा बांधल्या. खरं सांगायचं तर विंगवर माळा काय सुरेख दिसल्या. ओम पुढे माझ्या शेजारी, करवली मागे सतरंजीवर लोडाला टेकून. मांडव समोर दिसत होता, गल्लीच्या टोकाला. मुहूर्ताला अजून थोडा वेळ होता. मनात म्हणालो, जमलं.

देवळासमोर गतिरोधक आहे. परवाच, लग्नाची पाहुणेमंडळी जपून यावीत म्हणून, हिच्याच भावकीनं नवा करून घेतलेला.

स्प्लिटर टेकला आणि या वेळी अडकूनच बसला. विटा मागवल्या. विटा चाकाखाली घालायच्या तर गाडी थोडी उचलायला हवी. आबासाहेब मामांनी जॅक मागितला. मी म्हणालो, घरी आहे. मामांनी विचारलं, कंच्या घरी? मी म्हणालो, सुप्याला.

तीच जागा. तोच मारुती. बँडवाले थांबले. मामांच्या डोळ्यांत पुढच्या बारा वर्षांचा किस्सा तयार होताना मला स्पष्ट दिसला. लाज वाटली. मनापासून वाटली.

तेवढ्यात स्नेहल मांडवाकडून आली. शालू, हातात अक्षतांचं ताट. माझ्याकडे बघितलं नाही. फळीकडे बघितलं, प्लाय ओळखला. ओम दार उघडून उतरायला लागला, चालतच जातो म्हणाला. हिनं दार परत लावलं. म्हणाली, मी शब्द दिलाय गाडीतून येईल म्हणून. गाडीतूनच येईल. मग चुलतभावांकडे वळून म्हणाली, उचला.

दहाजण होते. दोघांनी पुढून बंपर धरला, बाकीच्यांनी मागून विंग. एक दो तीन. गाडी हलली नाही. परत एकदा. तसूभर नाही. मी आत स्टिअरिंग धरून बसलो होतो आणि, हे फक्त इथेच लिहितोय, मला त्या क्षणी अभिमान वाटला. काच खाली करून मी मामांना म्हणालोही, बघा मामा, डाउनफोर्स.

मामांनी आत वाकून म्हटलं, पाव्हणं, तुमी उतरा की.

मी उतरलो.

गाडी उचलली.

अशी उचलली की पोरंच बावरली. ओम आत, करवली आत, मागे झेंडू लोंबताहेत. गतिरोधक ओलांडला. आता खाली ठेवायची होती, पण तेवढ्यात बँड सुरू झाला, अंगात आलं, आणि पोरांनी ती ठेवलीच नाही. खांद्यावर घेतल्यासारखी नाचवत, पालखी नेतात तशी, थेट मांडवात नेली. कानिफनाथचा अँगल कुठे वाकला नाही. हुकाला धरून एक चुलतभाऊ मागे लोंबकळत होता.

मी मागून चालत होतो, उचलताना तुटलेला स्प्लिटर काखेत घेऊन.

मंगलाष्टकं मुहूर्तावर लागली. या भावकीत हे पहिल्यांदाच घडलं असं सगळे म्हणत होते. स्नेहल ताठ उभी होती. अक्षता टाकताना तिनं एकदाच मागे वळून मला शोधलं आणि इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. ताट शेजारणीकडे द्यावं लागलं. इतकं हसताना मी तिला पाहिलंच नव्हतं. मीही हसलो. मग मठ्ठा प्यायलो.

पंगतीत मामांनी किस्सा सांगितला. नवा. जीपचा किस्सा आता बंद झाला.

२५ मे, रविवार. सुपा.

सीट लावलं. स्टेपनी लावली. जॅक जागेवर. कपाटाचा प्लाय संपला, नवीन आणायचा आहे. लोकरही.

विंग गच्चीवर. काळा पत्रा उन्हात चांगला तापतो, स्नेहलनं त्यावर कुरडया वाळत घातल्यात. लवकर वाळतात म्हणते. कानिफनाथचा फोन होता. लग्नातला व्हिडिओ पाहून दोघांनी नवरदेवाच्या गाडीसाठी तशीच विंग मागितली आहे. पन्नास माळा सहज बसतील अशी करून देतो म्हणाला.

तोच व्हिडिओ परवेझनंही पाठवला. खाली काही लिहिलं नव्हतं. दुपारभर पुन्हा पुन्हा पाहिला. मी क्वालिटीचा माणूस आहे, पुरावा समोर असताना डोळे मिटता येत नाहीत. दहाजण जोर लावतात, गाडी ढिम्म. मी दार उघडून उतरतो. माझा दुसरा पाय जमिनीला टेकतो न टेकतो, तोच गाडी वर.

संध्याकाळी काट्यावरचं स्टिकर काढलं. काटा बरोबर आहे.